फ्रॉकची मागची बाजू

इस्त्री उचलली तेव्हा फ्रॉकचा एक तुकडाही तिला चिकटून वर आला. बाबांनी आधी इस्त्रीकडे पाहिलं, मग टेबलावर उरलेल्या फ्रॉककडे पाहिलं, आणि त्यांचा उजवा पाय खाडकन जमिनीवर दाबला गेला. बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून आपल्या बाजूचा जादाचा ब्रेक दाबता दाबता त्यांना सवयच जडली होती, की संकट दिसलं रे दिसलं की पाय दाबायचा. गाडीत त्याचा फार उपयोग व्हायचा. इस्त्रीच्या टेबलाखाली मात्र ब्रेक नव्हता.

"बाबा, कसला तरी जळका वास येतोय!" आतून बिट्टी ओरडली.

"शेजारून येतोय," बाबा म्हणाले.

बिट्टी बाहेर आली. अंगात शाळेचा पांढरा शर्ट, खाली घरातली विजार, एक वेणी घातलेली, दुसरी मोकळी. तिने टेबलाकडे पाहिलं. निळ्या फ्रॉकच्या ऐन पोटावर इस्त्रीच्या आकाराचं टोकदार भोक पडलं होतं आणि त्यातून टेबलावरची चादर दिसत होती. बिट्टी रडली असती तर बाबांना बरं वाटलं असतं. पण ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "आज? बाबा, आजच?"

"अगं, सगळ्यात कमीवर ठेवली होती मी! ही बघ खूण. कमी. शपथेवर सांगतो. आणि काल संध्याकाळीच तर आपण तिचं बटण पक्कं बसवलं, तू बॅटरी नव्हती का धरली?"

"धरली होती," बिट्टी म्हणाली. "एक स्क्रू उरला होता."

"तो जादाचा असतो. कंपनीवाले देतात," शर्टाच्या खिशातला स्क्रू चाचपत बाबा म्हणाले.

आता हे सगळं एवढं मनाला लावून घेण्याचं कारण काय, एक दिवस शाळा बुडली तर आभाळ का कोसळणार होतं, असं कुणालाही वाटेल. पण त्या घरात आभाळच कोसळणार होतं. बिट्टी पहिलीपासून सातवीपर्यंत एकदाही गैरहजर राहिलेली नव्हती. पायाला प्लास्टर होतं तेव्हा ती बाबांच्या पाठीवर बसून शाळेत गेली होती. आज शाळेच्या वर्षाचा शेवटचा दिवस. शिवाय सातवी अ आणि सातवी ब या दोन्ही वर्गांत वर्षभरात एकही गैरहजेरी पडलेली नव्हती, आणि हजेरीची ढाल कुणाला मिळणार हे आजच्या हजेरीवर ठरणार होतं. बिट्टी सातवी अ मध्ये होती. आणि सातवी ब च्या वर्गशिक्षिका कोण? तर बिट्टीची आई.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण शाळेतल्या गणवेशाची सगळी जबाबदारी आईकडेच होती. रोज सकाळी ती गेटवर उभी राहायची. गणवेश अपुरा दिसला की मुलाला तिथूनच घरी पाठवायचं आणि त्या दिवसाची गैरहजेरी लावायची, हा नियम तिनेच केलेला. मुलं तिला पाठीमागे 'इस्त्रीबाई' म्हणत. खुद्द हेडसरांचा नातू एकदा पांढऱ्याऐवजी पिवळे मोजे घालून आला, तर तिने त्यालाही गेटावरून परत पाठवलं होतं. हेडसर खिडकीतून बघत होते, पण त्यांची काही बोलायची टाप झाली नाही.

म्हणजे आज बिट्टी विजार घालून गेली, तर आई तिला परत पाठवणार. परत पाठवलं की सातवी अ ची ढाल गेली आणि ती आईच्याच वर्गाला मिळाली. मग सगळी शाळा काय म्हणणार? की ढालीसाठी बाईंनी पोटच्या पोरीला घरी हाकललं! आणि नाही पाठवलं, तर म्हणणार, नियम काय तो लोकांच्या पोरांना. दोन्हीकडून आईचंच नाक कापलं जाणार होतं, आणि ते कापणारी इस्त्री बाबांच्या हातात होती.

आई आज नेहमीपेक्षा लवकर निघून गेली होती. शाळेचा राखाडी कोट घालून, छातीशी एक भलीमोठी फाइल कवटाळून ती दारातून घाईघाईने म्हणाली होती, "अहो, बिट्टीच्या फ्रॉकवर तेवढी इस्त्री फिरवा. मला वेळ नाही. एवढं एकच काम ठेवलंय तुमच्यासाठी." एरवी ती इस्त्रीला कुणाला बोट लावू देत नसे. आज आपणहून काम सोपवलं म्हणून बाबांना बराच अभिमान वाटला होता. तो आता फ्रॉकबरोबरच जळून गेला.

"दुसरा फ्रॉक कुठाय?" बाबांनी विचारलं.

"टेलरकाकांकडे. उंची वाढवायला दिलाय."

"झालं तर मग! चल, बस गाडीत!"

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी टपावर पाटी घेऊन टेलरच्या दुकानापुढे थांबली तेव्हा टेलरकाका नुकतंच दुकान उघडत होते. शाळेचे सगळे गणवेश तेच शिवत. आणि योगायोग म्हणावा की नशिबाचे भोग, ते बाबांचे विद्यार्थीही होते. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालेले आणि तिसऱ्यांदा बसायची जिद्द धरलेले.

"सर! आज तुम्ही दारात आलात शिकवायला?" काका खूश झाले.

"शिकवणं राहू द्या, काका. बिट्टीचा फ्रॉक द्या. आत्ताच्या आत्ता."

"देतो की," म्हणत काकांनी एक पिशवी टेबलावर उलटी केली. तिच्यातून निळ्या कापडाचे सुटे तुकडे पडले. "कालच उसवून ठेवलाय बघा. संध्याकाळपर्यंत असा शिवून देतो, की नवा वाटेल."

बाबांचा पाय जमिनीवर दाबला गेला. बिट्टीने दुकानात चारी बाजूंना नजर फिरवली आणि तिची नजर काचेच्या कपाटात जाऊन थांबली. तिथे एक पुतळी शाळेचा गणवेश घालून रस्त्याकडे बघत उभी होती. दुकान निघालं तेव्हापासून ती तिथे होती आणि तिचा फ्रॉकही.

"काका, तो द्या," बिट्टी म्हणाली.

"तो? अगं, तो नमुना आहे."

"नमुन्यासारखीच दिसेन मी. द्या."

काकांचा जीव वरखाली झाला, पण पोरीचं तोंड बघून ते विरघळले. त्यांनी पुतळीच्या अंगावरचा फ्रॉक काढला, आणि मग पुतळी तशीच राहणार म्हणून तिला जुन्या पडद्यात नीट गुंडाळायला लागले. "अहो काका, ती लाकडाची आहे!" बाबा ओरडले. "लाकडाची असली तरी दुकान रस्त्यावर आहे, सर," असं म्हणत काकांनी पडद्याला दोन टाचण्याही लावल्या. तेवढ्यात बिट्टी फ्रॉक घालून कपडे बदलायच्या पडद्यामागून बाहेर आली. बाबांनी कपाळाला हात लावला.

इतकी वर्षं पुतळीचं तोंड रस्त्याकडे असल्यामुळे फ्रॉकच्या पुढच्या बाजूवर रोज ऊन पडत होतं. पुढची बाजू विटून पार फिकट झाली होती, धुवून धुवून पांढऱ्या पडलेल्या फडक्यासारखी. मागची बाजू मात्र कोरीकरकरीत, गडद निळी.

"हा तर अर्धाच निळा आहे," बाबा म्हणाले.

बिट्टीने क्षणभर विचार केला. शाळेचा फ्रॉक सरळसोट होता, बटणं खांद्यांवर, पुढे-मागे सारखाच. ती परत पडद्यामागे गेली आणि फ्रॉक उलटा घालून आली. आता पुढून ती अगदी कडक गणवेशातली मुलगी दिसत होती.

"आई पुढूनच तपासते," ती म्हणाली. "नखं, रिबिनी, फ्रॉक, बूट. मग म्हणते, जा."

"आणि मग तू जाशील तेव्हा?"

"जाईन तेव्हा बघू."

वेळ अगदी थोडा उरला होता. बाबा गाडीकडे धावले तर टेलरकाका आधीच चालकाच्या जागेवर बसलेले. "सर, फ्रॉक दिलाय मी," ते गोड हसून म्हणाले. "शाळेपर्यंत मला चालवू द्या. परवा परीक्षा आहे. आता नाही म्हणू नका."

आता नाही कसं म्हणणार? पोरीच्या अंगावर त्यांच्या पुतळीचा फ्रॉक होता. बाबा निमूटपणे शेजारी बसले. गाडी निघाली. निघाली म्हणजे काय, तर सायकलवरचा दूधवाला त्यांना ओलांडून गेला आणि जाताना त्याने काकांना शुभेच्छाही दिल्या.

"काका, जरा वेग घ्या!"

"घाई केली की शिवण बिघडते, सर."

"ही शिवण नाही, गाडी आहे!"

"दोन्हीला पायच मारावा लागतो की."

मागच्या सीटवर बिट्टी दुसरी वेणी घालत होती. तिला भीती वाटत होती. शाळेत तिला सगळे 'बाईंची मुलगी' म्हणायचे, आणि 'बाईंची मुलगी' म्हणूनच सातवी अ मधल्या मुलींना तिचा पूर्ण विश्वास वाटत नसे. कालच एक जण म्हणाली होती, "उद्या तू मुद्दाम घरी राहशील. तुझ्या आईच्या वर्गाला ढाल मिळावी म्हणून." बिट्टीला ते फार लागलं होतं. तिने ते घरी सांगितलं नव्हतं, पण आता बाबांना सांगितलं. त्यांनी मागे हात करून तिचा गुडघा थोपटला आणि तेवढ्या वेळात काकांनी गाडी फुटपाथवर चढवून परत खाली घेतली.

शाळा दिसली. गेटवर आई उभी होती, फाइल छातीशी धरून. शेजारी शिपाईमामा एक हात घंटेच्या दोरीवर आणि एक हात गेटवर ठेवून तयार. घंटा झाली की गेट बंद, आणि गेट बंद झालं की बाहेर राहिलेला गैरहजर, असा शाळेचा शिरस्ता होता.

"काका, गेटच्या अलीकडे थांबवा. अलीकडे! अलीकडे म्हणजे..."

काकांनी घाबरून चाक वळवलं. गाडी गेटच्या दिशेने शिरली. बाबांनी सर्व ताकदीनिशी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी एक आचका देऊन बरोबर गेटच्या मधोमध बंद पडली, अर्धी शाळेत आणि अर्धी रस्त्यावर.

शिपाईमामांनी घंटा दिली. मग गेट ओढून पाहिलं. गेटची दोन्ही दारं गाडीच्या दोन्ही अंगांना येऊन टेकली आणि थांबली.

"बाई," शिपाईमामा म्हणाले, "घंटा झाली, पण गेट काही बंद होत नाही. आता ही पोरं हजर धरायची की गैरहजर?"

आईने गाडीकडे पाहिलं. आत आपला नवरा आणि चालकाच्या जागी टेलर बघून तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. एरवी तिने त्या दोघांची तिथल्या तिथे हजेरी घेतली असती. पण तिचं लक्ष रस्त्याच्या कोपऱ्याकडे होतं. तिच्या सातवी ब मधला एक गोलमटोल मुलगा अजून यायचा होता.

"नियम नियम असतो," ती म्हणाली. "गेट बंद झाल्याशिवाय गैरहजेरी लागत नाही. गाडी काढा. पण सावकाश काढा, मागे मुलं उभी आहेत."

"काका, किल्ली फिरवा," बाबा खिडकीतून डोकं आत घेत म्हणाले. काका नुसतेच "उं, उं" करत होते. दोन्ही हात मोकळे हवे असले की हातातली वस्तू दातांत धरायची, ही टेलरची सवय. घाबरून त्यांनी किल्ली काढली होती आणि टाचणीसारखी दातांत धरली होती. बाबा मात्र ती सीटखाली शोधत होते.

या गोंधळात बिट्टी गाडीतून उतरली आणि आईसमोर जाऊन ताठ उभी राहिली. "गुड मॉर्निंग, बाई."

शाळेत आई म्हणायचं नाही, हाही आईचाच नियम. आईने तिच्यावरून नजर फिरवली. नखं ठीक. रिबिनी ठीक. फ्रॉक तर आज भलताच गडद आणि टवटवीत. आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "जा," ती म्हणाली.

बिट्टी गेली. पण उलटी. आईकडे तोंड ठेवून, हात जोडून, एक एक पाऊल मागे टाकत ती मैदानाकडे सरकायला लागली.

"हे काय? अशी काय चालतेस?"

"बाई, गुरुजनांना पाठ दाखवू नये," बिट्टीच्या तोंडून निघून गेलं.

आता हे वाक्य नेमकं गेटापाशी आईशेजारी येऊन उभ्या राहिलेल्या हेडसरांच्या कानावर पडलं. हेडसर मोठे भावनाप्रधान. हल्लीच्या मुलांत अदब उरली नाही म्हणून ते रोज प्रार्थनेनंतर हळहळत. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "वा! वा! बाई, काय शिकवण आहे तुमची! वर्षाच्या शेवटच्या दिवशी माझे कान तृप्त झाले. ए मुलांनो! बघा या मुलीकडे! आज सगळ्यांनी असंच आत यायचं. कुणीही बाईंना पाठ दाखवायची नाही!"

झालं. शिपाईमामांनी दारं थोडी मागे ढकलताच गाडी आणि गेट यांच्या चिंचोळ्या फटीतून मुलं येऊ लागली, तपासून घेऊ लागली आणि मागच्या मागे चालत मैदानात जाऊ लागली. पाचवीतला एक जण गाडीच्या बॉनेटवरच जाऊन बसला. दोघी मैत्रिणी पाठीला पाठ लागून दचकल्या आणि एकमेकींना "सॉरी बाई" म्हणाल्या. गणिताचे सर, म्हणजे बिट्टीचे वर्गशिक्षक, रोजच्यासारखे उशिरा धावत आले. हेडसरांनी त्यांच्याकडे पाहिलं मात्र, तेही उलटे चालत कुंडीत गेले. आणि सगळ्यांच्या शेवटी धापा टाकत आला तो सातवी ब मधला गोलमटोल मुलगा. आईने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. त्याच्या शर्टाचं एक बटण तुटलं होतं. आईला ते दिसलं, बाबांनाही ते तिला दिसल्याचं दिसलं. "जा," आई म्हणाली.

तेव्हा कुठे काकांनी किल्ली तोंडातून काढून बाबांच्या हातात ठेवली. "केव्हापासून सांगतोय, सर," ते म्हणाले.

बाबांनी गाडी मागे घेऊन भिंतीला लावली आणि ते गेटच्या गजांपाशी येऊन उभे राहिले. जायचं सुचेना. मैदानावर वर्गांच्या रांगा लागल्या होत्या. बिट्टी सातवी अ च्या रांगेत शेवटी उभी होती. तिच्या फ्रॉकची विटकी, फिकट बाजू थेट गेटकडे होती. मागच्या भिंतीपाशी कुणी शिक्षक नव्हते, हे नशीब. मुलांनी ते केव्हाच पाहिलं होतं. उलटी चालत ती त्यांच्यामध्येच तर आली होती! पण काल तिला टोचून बोललेली मुलगी आज तिच्या मागे येऊन उभी राहिली, रांग मोडून, पाठ झाकायला. ते पाहून बाबांना भरून आलं.

प्रार्थना झाली, हजेरी झाली. हेडसर मंचावर आले.

"मुलांनो, आज सगळी शाळा हजर आहे! एकही मूल गैरहजर नाही! असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं." टाळ्या पडल्या. ते घडलं होतं ते एका टेलरमुळे, हे आईला, बाबांना आणि शिपाईमामांनाच ठाऊक होतं. "सातवी अ आणि सातवी ब, दोघांचीही पूर्ण हजेरी! तेव्हा ढाल दोन्ही वर्गांची. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. दोन्ही वर्गशिक्षकांनी वर यावं. आणि सोबत ती मुलगीही येऊ दे, आजची आदर्श विद्यार्थिनी!"

बाबांनी गेटचा गज दोन्ही हातांनी धरला आणि पाय जमिनीवर दाबला.

बिट्टी मंचावर गेली. अर्थात उलटी. पायऱ्यासुद्धा उलट्या चढली, मुलांकडे तोंड ठेवून, सकाळपासूनच्या सवयीने; मंचावरचे शिक्षक तिला पाठीमागून बघणार हे घाबरून ती विसरलीच. आणि आई नेमकी तिच्या मागे उभी होती. आईची नजर त्या विटक्या पाठीवर पडली. गेटावरून बाबांना आईचा चेहरा स्पष्ट दिसत होता. आधी आश्चर्य, मग ओळख, मग संताप. तिचा हात बिट्टीच्या खांद्याकडे निघाला. आता ही पोरीला सगळ्यांदेखत खाली उतरवणार, बाबांची खात्रीच झाली.

"बाई, धरा!" हेडसर म्हणाले आणि त्यांनी ती जड पितळी ढाल पुढे केली.

ढाल एका हाताने धरवणारी नव्हती. आईने मागे सरायला पाहिलं. "सरांनाच द्या की," ती म्हणाली. "छे छे, दोघांनी धरायची! दोन्ही हात लावा!" गणिताच्या सरांनी आपल्या बाजूने ढाल पकडली होती. आईपुढे इलाज राहिला नाही. तिने फाइल सोडली. फाइल खाली पडली, आणि सकाळपासून जी जागा ती झाकत होती ती उघडी पडली. राखाडी कोटाच्या डाव्या बाजूला, खिशाच्या खाली, इस्त्रीच्या आकाराचा टोकदार तपकिरी डाग होता.

फाइलचा आवाज ऐकून बिट्टीने मान वळवली. तिने कोट पाहिला. आईने तिला कोट पाहताना पाहिलं. त्या दोघींचं एकमेकींकडे बघणं बाबा पुढे कितीतरी दिवस आठवत राहिले.

मग आईने एक गोष्ट केली. तिने ढाल छातीशी ओढून घेतली, कोटावरचा डाग झाकला जाईल अशी, आणि सरांच्या भरवशावर एक हात सोडून बिट्टीला मागे खेचून ढालीला टेकवलं, तिची पाठ झाकली जाईल अशी. मायलेकी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. गणिताचे सर ढालीचं एक टोक धरून बाजूला लोंबकळत राहिले.

"अहाहा!" हेडसर पुन्हा चष्मा काढत म्हणाले. "आई आणि मुलगी! फोटो काढा, फोटो!"

फोटोवाल्याने फोटो काढला. त्यात दोघींच्या चेहऱ्यावर असं काही हसू आहे, की बघणाऱ्याला वाटावं ढालीचाच आनंद आहे. मंचावरून दोघी तशाच चिकटून, एका पावलाने, खेकड्यासारख्या आडव्या उतरल्या, आणि हेडसरांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी आईने कोट खुर्चीवर टाकला होता, डाग भिंतीकडे करून. बिट्टी टेबलाखाली पाय हलवत बसली होती. बाबांनी चहा केला, तिघांसाठी कप आणले आणि मनाची तयारी करून म्हणाले, "फ्रॉक मी जाळला."

"कळलं ते," आई म्हणाली.

"आणि कोट?"

आई कपात बघत हळूच म्हणाली, "मला लाज वाटली हो. सगळी शाळा मला इस्त्रीबाई म्हणते, आणि मीच आज कोट जाळला! तुम्हाला सांगायला तोंडच नव्हतं. म्हणून तर फ्रॉक तुमच्यावर टाकून पळाले. आज त्या इस्त्रीला हात लावायची माझी हिंमतच होईना." तिने बिट्टीकडे पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "मंचावर तुझी पाठ दिसली ना, तेव्हा मी तुला खाली उतरवणार होते. खरंच उतरवणार होते गं. आणि मग फाइल पडली. स्वतःचा कोट जळका आणि पोरीला घरी पाठवायची मी! आजवर किती पोरांना पाठवलं असेल अशीच, कुणाच्या घरी काय जळलं, काय फाटलं, विचारलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी मी हेडसरांना सांगणार आहे. गणवेश नंतर बघू, आधी मूल वर्गात बसू दे."

बिट्टी उठून तिला बिलगली. बाबांना अगदी हलकं वाटलं. कुणी रागावलेलं नव्हतं, ढाल अर्धी का होईना दोन्हीकडे आली होती आणि बिट्टीची हजेरी शाबूत होती. त्यांनी समाधानाने चहाचा घोट घेतला.

"पण एक कळत नाही," आई बिट्टीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "माझं चुकलं तरी काय? मी तर इस्त्री सगळ्यात कमीवर ठेवली होती."

"मीसुद्धा!" बाबा उत्साहाने म्हणाले. "अगदी कमीवर!"

आईने मान वर केली. बिट्टीने आधी टेबलावरच्या इस्त्रीकडे पाहिलं, मग तिच्या बटणाकडे, आणि मग बाबांच्या शर्टाच्या खिशाकडे.

"बाबा," ती म्हणाली, "काल संध्याकाळी आई मावशीकडे गेली होती, तेव्हा आपण ते बटण उलटं तर नाही बसवलं?"

टेबलाखाली बाबांचा उजवा पाय जिवाच्या आकांताने जमिनीवर दाबला गेला.